सिग्नलवरची न सुटलेली गणितं

जालना रोडवरून क्रांती चौक ते सिडको असं संध्याकाळी जायचं, तर सिग्नल चुकत नाहीत. थांबलं की नजरेसमोर एकच मजकूर असतो, पुढच्या गाडीची पाटी. एमएच २०, मग अक्षरं, मग चार आकडे. छत्रपती संभाजीनगरला गाड्यांचं कौतुक जरा जास्तच. २०१० साली एका झटक्यात १५० मर्सिडीज घेऊन देशभर गाजलेलं हे शहर. इथं नुसती गाडी घेऊन भागत नाही, ‘नंबर’ही घ्यावा लागतो. चार एक, चार सात, चार नऊ. कुणी ८०५५ मिळवतो आणि रंगाऱ्याकडून त्याचा ‘बॉस’ करून घेतो, कुणी ०२१४ चा ‘राम’. असल्या नंबरांपायी आरटीओत लाखांच्या पावत्या फाटतात.

आता या ‘बॉस’ची थोडी गंमत करू. ८०५५ मधले अंक उतरत्या क्रमाने लिहायचे, ८५५०. मग चढत्या क्रमाने, ०५५८. मोठ्यातून लहान वजा केला की येतात ७९९२. पुन्हा तेच. ९९७२ वजा २७९९, म्हणजे ७१७३. पुढे ६३५४, मग ३०८७, मग ८३५२ आणि शेवटी ६१७४. इथून पुढे जाता येत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च हाती लागतात. शेजारच्या रिक्षाचा नंबर घ्या, मागच्या टेम्पोचा घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत गाडी ६१७४ वर येऊन उभी राहते. पोहोचत नाहीत फक्त नऊ नंबर, ११११ पासून ९९९९ पर्यंतचे. त्यांची पहिल्याच फेरीत शून्यावर बोळवण होते. म्हणजे ज्यांच्यासाठी लोक मुद्दाम जास्तीचे पैसे मोजतात, त्यांतलेच.

हा खेळ शोधून काढणारा माणूस या शहरापासून फार लांबचा नव्हता. संभाजीनगरहून मुंबईची गाडी पकडली की मनमाडला वळण घेऊन ती नाशिकरोड गाठते आणि त्यानंतर लगेच देवळाली येतं. तिथल्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर शिकवत होते. जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५ चा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ साली विद्यार्थी असतानाच रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ ला बी.एस्सी. झाले आणि पुढची पदवी काही घेतली नाही. ६१७४ चा हा स्वभाव त्यांना १९४९ मध्ये सापडला आणि १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या परदेशी नियतकालिकात छापून आला. बाकीचं बरंचसं लेखन त्यांनी छोट्या पुस्तिकांमधून स्वतःच छापलं.

देशातल्या बड्या गणितज्ञांनी त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं असं म्हणता येणार नाही. अंकांची मांडामांड म्हणजे पोरखेळ, असाच एकूण सूर होता. (देवळालीला ब्रिटिश सैनिकांची छावणी होती. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथं रखडलेल्या गोऱ्या शिपायांमुळे ‘डूलॅली’ हा शब्द इंग्रजीत गेला. अर्थ, डोकं फिरलेला. कापरेकरांकडे पाहून हसणाऱ्यांना ही व्युत्पत्ती ठाऊक नसेल तेच बरं.) मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, आणि सत्तरीतल्या या निवृत्त मास्तरांचं नाव जगभरच्या हौशी मंडळींना माहीत झालं. निवृत्तीनंतर पेन्शन पुरत नव्हतं म्हणून ते शिकवण्या करत होते. १९८६ मध्ये ते गेले.

गार्डनरना ६१७४ इतकंच आणखी एका गोष्टीचं अप्रूप वाटलं होतं, आणि ती थेट एमएच २० शी येऊन भिडते. कोणतीही संख्या घ्यायची आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. १२ घेतले तर १ आणि २ मिळून ३, म्हणून १५. पंधरापासून २१, एकविसापासून २४. आरटीओच्या भाषेत सांगायचं, तर पुण्यापासून नाशिक निघालं, नाशिकपासून जालना, जालन्यापासून लातूर. उलटं गेलं तर पुण्याचे १२ हे सहापासून, म्हणजे रायगडपासून निघालेले. कापरेकरांना प्रश्न पडला तो पूर्वजांचा. प्रत्येक संख्येला असा जनक असतोच का? नसतो. १० ते १९ पर्यंत सगळ्यांना तो आहे, पण २० ला नाही. विसाच्या खालची कोणतीही संख्या घेऊन पाहा, ती २० वर येत नाही. जनक नसलेली ही पहिली दोन अंकी संख्या. पुढे ३१ आणि ४२, म्हणजे नागपूर आणि बारामती. देवळालीच्या मास्तरांनी शोधलेल्या म्हणून त्यांना देवळाली संख्या असंही म्हणतात; मराठीत स्वयंभू म्हणायला हरकत नसावी. संभाजीनगर स्वयंभू आहे आणि वंशावळीप्रमाणे परभणी (२२), नांदेड (२६) आणि चंद्रपूर (३४) ही त्याची मुलं-नातवंडं-पतवंडं. मराठवाड्याची राजधानी कोणती, या जुन्या वादात हा पुरावा अजून कुणी दाखल केलेला नाही.

इथपर्यंत सगळी सुटलेली गणितं झाली. ६१७४ ची गोष्ट सिद्ध करायला ९,९९० गाड्या थांबवाव्या लागत नाहीत. वजाबाकीचं उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांच्यातला आणि मधल्या दोघांमधला. अशा जोड्या होतात अवघ्या ५४. वहीची दोन पानं पुरतात. खरी पंचाईत पुढे आहे. वजाबाकीच्या जागी बेरीज ठेवली की तोच मास्तरांचा खेळ अशा ठिकाणी जातो, जिथून आजवर कुणी परत आलेलं नाही.

‘तो कवी डालडा विकतो’ हे वाक्य उलटं वाचलं तरी तसंच राहतं, हे मराठी मुलांना सांगावं लागत नाही. संख्यांमध्येही असे डालडा विकणारे कवी असतात, ४८८४ सारखे. कोणतीही संख्या घ्या, ती उलटून तिच्यातच मिळवा आणि असा कवी भेटेपर्यंत हेच करत राहा. ८७ आणि ७८ मिळून १६५. त्यात ५६१ घातले की ७२६. त्यात ६२७, म्हणजे १३५३. त्यात ३५३१, म्हणजे ४८८४. चार पावलांत काम झालं. ८९ ला हेच करायला २४ पावलं लागतात आणि उत्तर येतं ८८१३२०००२३१८८. पण येतं.

१९६ ला मात्र ते येत नाही. निदान आजवर आलेलं नाही. अमेरिकेत जॉन वॉकर नावाचे सॉफ्टवेअर कंपनी काढलेले गृहस्थ होते. त्यांनी ऑगस्ट १९८७ मध्ये आपल्या संगणकावर १९६ लावून दिला, की यंत्र रिकामं असेल तेव्हा उलटत जा आणि मिळवत जा. जवळपास तीन वर्षं यंत्राने तेच केलं. २४ मे १९९० रोजी, २४,१५,८३६ व्या पावलावर, संख्या दहा लाख अंकी झाली आणि तिथं वॉकर थांबले. ती संख्या त्यांनी जगापुढे ठेवली, ज्याला हवं त्याने पुढे न्यावी म्हणून. लोकांनी ती नेली. २०१५ पर्यंत ती एक अब्ज अंकी झाली होती, आणि तरी उलटसुलट सारखी नाही. ती कधीच तशी होणार नाही असं सगळ्यांना वाटतं. सिद्ध कुणालाच करता आलेलं नाही. विचित्र भाग असा की संगणकाच्या भाषेत, म्हणजे नुसत्या ० आणि १ मध्ये संख्या लिहिल्या, तर असा कधीच न वळणारा आकडा आहे याची पक्की सिद्धता हाताशी आहे. आपल्या दहा अंकांत मात्र अशी एकही संख्या सिद्ध झालेली नाही. दहा हजारांच्या आत २४९ संशयित आहेत. याचा अर्थ एमएच २० च्या प्रत्येक नव्या मालिकेत आरटीओ २४९ न सुटलेली गणितं रस्त्यावर सोडतं.

पाट्यांवरचा दुसरा प्रसिद्ध बेवारस आहे ००२७. नियम दोनच. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. २७ चे ८२, ब्याऐंशीचे ४१, मग १२४, ६२, ३१. उतरतेय म्हणेपर्यंत चढते. ९२३२ पर्यंत जाऊन येते आणि १११ व्या पावलाला मुकाट्याने १ वर बसते. लोथार कोलाट्झ या जर्मन गणितज्ञाच्या नावाने हा प्रश्न ओळखला जातो. प्रत्येक संख्या शेवटी १ वर येते का, एवढंच विचारायचं आहे. २०२० पर्यंत दोनाच्या ६८ व्या घातापर्यंत, म्हणजे २१ अंकी संख्यांपर्यंत, सगळ्या तपासून झाल्या होत्या. एकही चुकार निघाली नाही. पण तपासणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. शंभर गाड्या सिग्नलला थांबल्या म्हणून एकशे एकावी थांबेल याची हमी जालना रोडवर राहणाऱ्याने तरी देऊ नये. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या येल विद्यापीठात महिनाभर जो तो याच प्रश्नामागे होता म्हणे. तेव्हा एक विनोद पसरला, की अमेरिकी गणित ठप्प करायला हा प्रश्न रशियानेच पाठवलाय. गणितज्ञ पॉल एर्डिश यांनी त्याच्या उत्तरावर ५०० डॉलर लावले आणि गणिताची अजून एवढी तयारी झालेली नाही, असं मतही देऊन टाकलं.

गोल्डबाखचा प्रश्न याहून सभ्य आणि वयाने फार मोठा. ७ जून १७४२ च्या पत्रात ख्रिस्तियन गोल्डबाखने ऑयलरपुढे तो मांडला. आजच्या रूपात तो असा, की दोनाहून मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का? आपले २० म्हणजे ३ आणि १७, किंवा ७ आणि १३. चारावर अठरा शून्यं इथपर्यंत हे खरं ठरलंय. २००० साली एका कादंबरीच्या प्रकाशकांनी जाहिरात म्हणून यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं, दोन वर्षांची मुदत दिली आणि मुदत संपल्यावर पैसे निर्धास्तपणे खिशात ठेवले.

आणि ते महागडे चार एक? ११११ ही मूळ संख्या नाही, ११ गुणिले १०१. पण ११ मूळ आहे, एकोणीस वेळा १ लिहिला तर ती संख्या मूळ आहे, तेवीस वेळा लिहिला तरी. मग ३१७ वेळा. मग १०३१ वेळा, ही गोष्ट १९८६ मध्ये सिद्ध झाली. त्यापुढच्याही सापडल्या आहेत. नुसत्या एकांच्या अशा मूळ संख्या अनंत आहेत का, ते कुणाला माहीत नाही. कापरेकर याच एकांच्या रांगांचे वर्ग करत बसायचे, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. त्यांना त्यांनी डेमलो संख्या म्हटलं, जीआयपी रेल्वेवरच्या एका स्थानकाच्या नावावरून. कल्पना तिथं सुचली म्हणून. माणूस कुठेही उभा असला तरी आकडे मोजत असणार.

संभाजीनगरकराला यासाठी देवळालीपर्यंत जायचीही गरज नाही. दौलताबादचा किल्ला म्हणजे यादवांची देवगिरी. तिथल्या सिंघण राजाच्या पदरी चांगदेव नावाचे ज्योतिषी होते, भास्कराचार्यांचे नातू. कन्नडवरून औट्रम घाट उतरून चाळीसगावकडे वळलं, की गौताळ्याच्या जंगलाच्या पलीकडच्या अंगाला पाटणादेवीचं देऊळ लागतं. तिथल्या शके ११२८ च्या सुमाराच्या शिलालेखात चांगदेवांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे, कुणी काय दान द्यायचं तेही आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख अभ्यासकांपुढे आणला. एका माणसाचं गणित शिकवण्यासाठी काढलेल्या संस्थेची दगडात कोरलेली सनद. देवीच्या दर्शनाला येणाऱ्या गर्दीतला कितवा माणूस तिच्यासमोर थांबत असेल, हा आणखी एक न सुटलेला प्रश्न.

त्या मठात जे शिकवलं जात असणार, त्यात ६१ चं कोडं नक्कीच होतं. एका वर्गाला ६१ ने गुणायचं, एक मिळवायचा आणि उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग यायला हवा. असा लहानात लहान आकडा कोणता? हेच ६० साठी विचारलं तर उत्तर ४ आहे. सोळाची साठपट ९६०, एक मिळवला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ साठी ८. आणि मधल्या ६१ साठी २२,६१,५३,९८०. भास्कराचार्यांनी ते बाराव्या शतकात चक्रवाल पद्धतीने काढून दाखवलं. १६५७ मध्ये फर्माने युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून नेमका हाच ६१ पुढे केला, तेव्हा पाटणचा मठ त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. साठ आणि बासष्ट तोंडी सुटावेत आणि एकसष्टने नऊ अंकी उत्तर मागावं, हा संख्यांचा जुना खट्याळपणा. प्रश्नाच्या चेहऱ्यावरून उत्तराचं अंतर ओळखता येत नाही. त्यामुळेच तर हौशी माणूस फसतो.

सोप्या चेहऱ्याचा सर्वांत लबाड प्रश्न गवंड्याच्या हातातल्या गुण्यात आहे. तीन फूट, चार फूट आणि कर्ण पाच फूट, की कोपरा काटकोनात. आता खोली घ्या, लांबी ४४, रुंदी ११७, उंची २४०, एकक कोणतंही. जमिनीवरचा कर्ण १२५ येतो. दोन भिंतींचे कर्ण येतात २४४ आणि २६७. सगळे पूर्णांक. हे १७१९ पासून माहीत आहे. पण खालच्या कोपऱ्यातून वरच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणली, तर ती २७० आणि २७१ च्या मध्ये कुठंतरी अडकते. तिन्ही बाजू, भिंतींचे कर्ण आणि ही सुतळीसुद्धा पूर्णांकात बसेल अशी खोली आहे का? लीलावतीतली भुज, कोटी, कर्ण एवढी भाषा येणाऱ्या कुणालाही प्रश्न कळतो. संगणकांना अशी खोली मिळालेली नाही, आणि ती असूच शकत नाही असंही कुणी दाखवलेलं नाही.

असे प्रश्न माणसाला झपाटतात आणि त्याचा त्रास पोस्टमनला होतो. फर्माच्या शेवटच्या प्रमेयासाठी १९०८ मध्ये जर्मनीत एक लाख मार्कांचं वोल्फस्केल पारितोषिक लागलं, तेव्हा पहिल्याच वर्षी ६२१ सिद्धता येऊन पडल्या. सगळ्या चूक. ग्योटिंगेनचे प्राध्यापक लांडाऊ यांनी तर कार्डंच छापून घेतली होती, आपली पहिली चूक अमुक पानावर, अमुक ओळीत आहे. पान आणि ओळ भरायचं काम विद्यार्थ्यांचं. फुटपट्टी आणि कंपासने कोनाचे तीन समान भाग करता येत नाहीत, हे १८३७ मध्ये सिद्ध झालं, तरी ते करून दाखवणारे अजून निवृत्तीचा पहिला महिना त्यात घालवतात. आणि घसरतो तो हौशीच, असंही नाही. गोव्यात जन्मलेले, पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला जाऊन टाटा इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन करणारे दामोदर धर्मानंद कोसंबी हे पक्के व्यावसायिक गणिती. १९५९ मध्ये त्यांनी मूळ संख्यांशी निगडित अशा रीमानच्या न सुटलेल्या गृहीतकाची सिद्धता सापडल्याचा दावा केला, तोही शेतकी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. गणितज्ञांनी तो मानला नाही आणि कोसंबींच्या चाहत्यांना आजही त्यावर बोलणं जड जातं.

मग हौशी माणसाने या वाटेला जाऊच नये का? गेल्या पन्नास वर्षांचा हिशेब वेगळं सांगतो. कापरेकरांवरच्या लेखानंतर चारच महिन्यांनी, जुलै १९७५ मध्ये, गार्डनरनी पंचकोनी फरशांवर लिहिलं. एकाच आकाराच्या पंचकोनांनी फट न ठेवता जमीन कशी झाकायची? मुलासाठी येणाऱ्या अंकात ते मार्जरी राइस यांनी वाचलं. सॅन दिएगोच्या गृहिणी, गणित शाळेपुरतं. त्यांनी स्वतःची चिन्हं बनवली, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आकृत्या काढल्या आणि तज्ज्ञांच्या यादीत नसलेले चार नवे पंचकोन शोधून दिले. २०१८ मध्ये ऑब्री डी ग्रे या म्हातारपणावर संशोधन करणाऱ्या जीवशास्त्रज्ञाने १९५० पासूनच्या एका कोड्याला धक्का दिला. एक एकक अंतरावरच्या कोणत्याही दोन बिंदूंना वेगळा रंग हवा, तर पूर्ण सपाटी रंगवायला किती रंग लागतात? चार पुरतील अशी शक्यता तोवर शिल्लक होती. डी ग्रेंनी १,५८१ बिंदूंची आकृती काढून दाखवली, चार पुरत नाहीत. पाच, सहा की सात, ते अजून ठरायचंय.

२०२२ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या यॉर्कशरचे, छपाईच्या कामातून निवृत्त झालेले डेव्हिड स्मिथ कागदी तुकडे कापून जमिनीवर जुळवत होते. त्यांना तेरा बाजूंचा, टोपीसारखा एक आकार सापडला. तो जमीन पूर्ण झाकतो, पण नक्षी कधीच पुन्हा त्याच तालात येत नाही. तीन अभ्यासकांना सोबत घेऊन त्यांनी मार्च २०२३ मध्ये ते सिद्धतेसह मांडलं. बीबी का मकबऱ्यात कबरीभोवतीच्या संगमरवरी जाळीसमोर उभं राहिलं, की स्मिथनी काय मोडलं ते डोळ्यांना कळतं. जाळीचा एक तुकडा पाहिला की पुढचा ओळखता येतो. स्मिथच्या फरशीत तो ओळखता येत नाही.

या तिघांचं कापरेकरांशी नातं स्पष्ट आहे. त्यांनी लांडाऊंच्या कार्डावर यायची घाई केली नाही, आधी खूप वेळ नुसतं पाहिलं. सिद्धतेचं जड काम पुष्कळदा दुसऱ्यांनी केलं, पण कुठं पाहायचं ते यांनी दाखवलं. देवळालीच्या मास्तरांनी मोठं काहीही सिद्ध केलेलं नाही, असं म्हणणारे आजही भेटतात. बरोबर आहे त्यांचं. तरी वजाबाकी करत ६१७४ पर्यंत पोहोचलेल्या मुलांची संख्या त्यांच्या टीकाकारांच्या वाचकांपेक्षा नक्की जास्त भरेल.

नव्या मालिकेत ०१९६ असतोच. त्याच्यासाठी कुणी रांग लावत नाही, त्याचा ‘बॉस’ होत नाही, ‘राम’ होत नाही. एखाद्या स्कूटरला तो आपसूक मिळतो आणि ती स्कूटर सिग्नलला पुढे येऊन उभी राहते. १९६ अधिक ६९१, ८८७. मग १६७५. मग ७४३६. मग १३७८३, ५२५१४, ९४०३९. तोंडी जमेनासं होतं तेव्हा १,८७,०८८ आलेले असतात आणि मागून हॉर्न सुरू होतात.